हृदयाचे ‘पंपिंग’ वॉटमध्ये कसे मोजावे आणि त्यावरून पुढचे कसे ओळखावे

ठाण्यातील आमच्या हृदयविकार ओपीडीत इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल हातात धरून येणारे नातेवाईक खुर्चीवर टेकण्याआधीच विचारतात, "डॉक्टर, पंपिंग किती आहे?" या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत ऐकण्याची सवय त्यांना आपणच लावली आहे. ‘पंपिंग पंचवीस टक्के’ हे शब्द एकदा कानावर पडले की ते घरात, सोसायटीत आणि गावाकडच्या फोनवर वर्षानुवर्षे फिरत राहतात. हा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, आपल्या रोजच्या बोलण्यातला ईएफ. तो उपयोगाचा आहे यात शंका नाही, कारण कोणती औषधे द्यायची आणि छातीत डिफिब्रिलेटर (जीवघेणा ठोका झटका देऊन थांबवणारे यंत्र) बसवायचा की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. मात्र आजार हाताबाहेर जाऊ लागल्यावर, म्हणजे ईएफ आधीच वीस-पंचविसाच्या घरात असताना, या माणसाचे पुढचे वर्ष कसे जाईल असे विचारले तर ईएफ जवळजवळ काहीच सांगत नाही. वीस आणि पंचवीस यांतला फरक एवढा लहान आहे की, एकाच रुग्णाचा इको दोन तंत्रज्ञांनी पाठोपाठ केला तरी तो सहज पडू शकतो.

अशा रुग्णांसाठी हृदयाची शक्ती वॉटमध्ये मोजण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. तिला कार्डियाक पॉवर आउटपुट म्हणतात, आणि वॉर्डात तिचा उल्लेख सीपीओ असाच होतो. पुढील लेखन प्रामुख्याने रेसिडेंट डॉक्टर, इको तंत्रज्ञ आणि आयसीयूतील परिचारिका यांच्यासाठी आहे. घरातील कोणी अहवाल वाचणारा असेल तर त्यालाही ते समजेल, परंतु त्याने या आकड्यावरून औषधाची एकही गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नये.

टक्का आणि ताकद

सोसायटीचा पाण्याचा पंप कितपत कामाचा आहे हे ठरवताना आपण दोन गोष्टी विचारतो: तो मिनिटाला किती पाणी चढवतो आणि किती मजले चढवतो. नौपाड्यातील तीन मजली जुन्या इमारतीचा पंप घोडबंदर रोडवरील तीस मजली टॉवरला बसवला तर त्याचे काय होईल, हे कोणत्याही प्लंबरला विचारावे लागत नाही. हृदयाच्या बाबतीत पाणी म्हणजे मिनिटाला फेकले जाणारे रक्त, म्हणजेच कार्डियाक आउटपुट, आणि मजले म्हणजे धमन्यांतील सरासरी दाब. या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ईएफ यांपैकी काहीच सांगत नाही. भांड्यात असलेल्या रक्तापैकी किती हिस्सा एका ठोक्याला बाहेर पडला एवढेच तो सांगतो. भांडे केवढे आहे, मिनिटाला खेपा किती होतात आणि समोर दाब किती आहे, हे त्यात येत नाही.

सूत्र असे: सरासरी धमनीदाब (मिमी पारा) × कार्डियाक आउटपुट (लिटर प्रति मिनिट) ÷ ४५१ = सीपीओ, वॉटमध्ये. ४५१ हा आकडा पाहून विद्यार्थी दचकतात, पण तो केवळ एककांच्या बदलातून आलेला आहे. एक मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १३३ पास्कल आणि मिनिटाला एक लिटर म्हणजे सेकंदाला एक भागिले साठ हजार घनमीटर. या दोहोंचा गुणाकार साधारण ०.००२२ येतो, आणि त्याचा व्यस्तांक साडेचारशेच्या आसपास जातो. सरासरी धमनीदाब काढण्यासाठी खालच्या दाबात वरच्या आणि खालच्या दाबांतील फरकाचा एक तृतीयांश मिळवावा. उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळाने सीपीओला भागले की कार्डियाक पॉवर इंडेक्स मिळतो. आपल्याकडील किरकोळ बांध्याच्या रुग्णांसाठी मला हा इंडेक्स अधिक प्रामाणिक वाटतो.

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीत सुमारे एक वॉट शक्ती देते. देवघरात रात्रभर जळणारा एलईडीचा झिरो बल्ब अर्ध्या वॉटचा असतो, म्हणजे आपले हृदय अशा दोन बल्बांइतके काम करते. जोराचा व्यायाम करताना हीच शक्ती पाच-सहा पट वाढते. आजारी हृदयाची खरी गरिबी या वाढीव शक्तीत दिसते, त्याकडे पुढे येऊच.

आता दोन रुग्ण शेजारी ठेवून पाहू. दोघांचाही ईएफ पंचवीस टक्के आहे. पहिल्याच्या डाव्या निलयात, म्हणजे शरीराकडे रक्त फेकणाऱ्या खालच्या कप्प्यात, ठोक्यापूर्वी १५० मिलिलिटर रक्त असते, त्यातले साडेसदतीस बाहेर पडते, नाडी ८८ आणि रक्तदाब ९८/६४. दुसऱ्याचे निलय चांगलेच फुगलेले आहे, त्यात २४० मिलिलिटर मावते, साठ बाहेर पडते, नाडी ७६ आणि रक्तदाब ११८/७४. गणित मांडले तर पहिल्याचा सीपीओ ०.५५ वॉट येतो आणि दुसऱ्याचा ०.९० वॉट. टक्का तोच, पण पहिला आंघोळ करताना धापा टाकतो आणि दुसरा सकाळी तलावपाळीला फेरी मारून येतो. दुसऱ्याची मायट्रल झडप गळत असेल तर मात्र साठपैकी काही रक्त उलटे वरच्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात, जाते आणि निलयाच्या आकारमानावरून काढलेला आकडा फसवा ठरतो. म्हणूनच प्रवाह नेहमी महाधमनीच्या तोंडाशी, जिथून रक्त खरोखर शरीराकडे निघते तिथे, मोजावा.

हे आकडे आले कुठून

हृदयाची पंप म्हणून असलेली क्षमता आणि रुग्णाचे भवितव्य यांची सांगड लिप-बन टॅन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये घातली. विश्रांतीतील आकड्यापेक्षा ताणाखाली हृदय किती वर जाऊ शकते हे महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे २००१ मध्ये लीड्स येथील गटाने दीर्घकालीन हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना व्यायाम करायला लावून कमाल सीपीओ मोजला आणि तो मृत्यूचा भक्कम निदर्शक असल्याचे दाखवले. त्यांची विभाजनरेषा दोन वॉटच्या किंचित खाली होती. २००४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरण्याच्या अवस्थेत, गेलेल्यांच्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यात तपासलेल्या रक्ताभिसरणाच्या सर्व मापांत रुग्णालयातील मृत्यूशी सर्वांत घट्ट नाते सीपीओचेच निघाले, आणि ०.५३ वॉट हा आकडा तेव्हापासून आयसीयूत रूढ झाला. २०१५ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या गटाने, चालते-फिरते असूनही आजार बळावलेल्या रुग्णांच्या उजव्या बाजूच्या कॅथेटरायझेशनवरून (शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत नळी घालून केलेल्या मोजमापावरून) इंडेक्स काढला. ०.४४ वॉट प्रति चौरस मीटरच्या खाली असलेल्यांत मृत्यू, प्रत्यारोपण किंवा यांत्रिक पंपाची वेळ येण्याचा धोका ठळकपणे जास्त आढळला.

या आकड्यांची सरमिसळ करू नये. ०.५३ हा शॉकमधील रुग्णांचा आकडा आहे. ओपीडीत चालत आलेल्या माणसाला तो लावून घाबरवणे चूक आहे, आणि त्याच्या जरा वर असलेल्याला निर्धास्त करणे त्याहून मोठी चूक.

मोजण्याआधी

रुग्णाला किमान दहा मिनिटे पडू द्यावे. आमच्याकडे येणारा बहुतेक रुग्ण लोकलमधून उतरून, पूल चढून, रिक्षाच्या रांगेत उभा राहून आलेला असतो, आणि तसाच टेबलावर घेतला तर आपण विश्रांतीतील शक्ती मोजत नसून प्रवासातील मोजत असतो. वजन आणि उंची त्याच दिवशी घ्यावी. सूज असलेल्या माणसाचे वजन महिनाभरापूर्वीच्या फाइलमधून उतरवण्यात अर्थ नाही. सकाळच्या गोळ्या घेतल्या की नाहीत, हृदयाचा जोर किंवा दाब वाढवणारे डोब्युटामिन किंवा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू असल्यास किती मात्रेने, आणि ठोका नियमित आहे की एट्रियल फिब्रिलेशन आहे, एवढे कागदावर उतरवूनच प्रोब हातात घ्यावा.

रक्तदाब हा या गुणाकाराचा अर्धा भाग आहे, तरीही त्याची सर्वाधिक हेळसांड होते. इकोच्या खोलीत रक्तदाबाचे यंत्रच नसते आणि तंत्रज्ञ केसपेपरवरचा सकाळी साडेनऊचा आकडा उचलतो. प्रवाह अकराचा आणि दाब साडेनऊचा, अशा जोडीला शक्ती म्हणता येत नाही. दाब इको ज्या कुशीवर होतो त्याच कुशीवर, त्याच वेळी, योग्य मापाच्या पट्ट्याने, दोनदा घ्यावा. ठोका अनियमित असेल तर तीनदा घेऊन सरासरी काढावी. स्वयंचलित यंत्र सरासरी दाब स्वतःच दाखवते, तो मिळत असेल तर तोच वापरावा.

इकोवर प्रवाह मोजणे

खरी कारागिरी येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबू. कार्डियाक आउटपुट काढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: डाव्या निलयातून महाधमनीकडे जाणाऱ्या मार्गाचा, म्हणजे एलव्हीओटीचा व्यास, त्या मार्गातून एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ जितके सेंटिमीटर पुढे सरकतो ते अंतर, म्हणजे व्हीटीआय, आणि नाडी.

व्यास पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिस दृश्यात घ्यावा. चित्र झूम करावे, निलय आकुंचन पावत असताना मधल्या क्षणी फ्रेम थांबवावी आणि महाधमनीच्या झडपेच्या पाकळ्या जिथे जोडल्या आहेत त्याच्या लगत, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत रेघ ओढावी. रेघ तिरकी जाता कामा नये. हा व्यास सूत्रात वर्गात येतो, त्यामुळे दोन मिलिमीटरची हलगर्जी फार महागात पडते. दोन सेंटिमीटरऐवजी २.२ घेतले तर प्रवाह एकवीस टक्क्यांनी फुगतो आणि वरच्या पहिल्या रुग्णाचे ०.५५ वॉट आपोआप ०.६७ होतात. त्याची प्रकृती तसूभरही सुधारलेली नसते.

मी स्वतः याच्या उलट चूक केलेली आहे. स्थूल शरीराच्या एका बाईंचे दृश्य नीट मिळत नव्हते, बाहेर वीस रुग्ण ताटकळले होते, आणि मी १.८ सेंटिमीटर लिहून मोकळा झालो. प्रवाह इतका कमी आला की त्यांना त्याच दुपारी दाखल करून ठिबकाचे औषध सुरू करण्याची तयारी झाली. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ ताईंनी जुना अहवाल समोर ठेवला. त्यात व्यास २.१ होता. प्रौढ माणसाचा एलव्हीओटी सहा महिन्यांत तीन मिलिमीटरने आकसत नाही. २.१ धरला असता तर प्रवाह माझ्या आकड्यापेक्षा छत्तीस टक्क्यांनी अधिक होता. तेव्हापासूनची माझी रीत अशी: रुग्णाचा व्यास पहिल्यांदा निवांतपणे, तीनदा मोजून पक्का करायचा, फाइलच्या पहिल्या पानावर लिहायचा आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तोच वापरायचा.

व्हीटीआयसाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकाकडून पाच कप्प्यांचे किंवा तीन कप्प्यांचे दृश्य घ्यावे. पल्स्ड डॉप्लरची खिडकी महाधमनीच्या झडपेच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली ठेवावी. फार वर सरकवली तर झडपेतील वेग मिसळतो, फार खाली आणली तर वेग कमी दिसतो. खिडकी योग्य जागी असल्याची खूण म्हणजे झडप बंद होतानाची बारीक टोकदार रेघ दिसणे आणि उघडण्याची न दिसणे. डॉप्लरची किरणरेषा आणि प्रवाह यांतील कोन वीस अंशांच्या आत असावा. मग आलेखाची दाट, ठळक कड आखावी. बाहेरचा धुरकट पिसारा सोडून द्यावा. नियमित ठोक्यात तीन, फिब्रिलेशनमध्ये किमान पाच आणि जमल्यास दहा ठोक्यांची सरासरी घ्यावी. निरोगी माणसात व्हीटीआय अठरा ते बावीस सेंटिमीटरच्या दरम्यान असतो.

आपल्या पहिल्या रुग्णाचे गणित आता पूर्ण करू. ते कळव्याचे, वय ५८, वजन ६२ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, पृष्ठफळ १.६९ चौरस मीटर. व्यास दोन सेंटिमीटर, त्यामुळे छेदाचे क्षेत्रफळ ०.७८५ × २ × २, म्हणजे ३.१४ चौरस सेंटिमीटर. व्हीटीआय १२. एका ठोक्याचे रक्त ३७.७ मिलिलिटर. नाडी ८८, म्हणून आउटपुट ३.३२ लिटर प्रति मिनिट आणि कार्डियाक इंडेक्स (आउटपुट भागिले पृष्ठफळ) १.९६. सरासरी दाब ७५. सीपीओ ०.५५ वॉट, पॉवर इंडेक्स ०.३३.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. खाटेशी उभे राहून वापरण्याची एक झटपट युक्ती प्रसिद्ध आहे: वरच्या आणि खालच्या दाबातील फरक वरच्या दाबाच्या पंचवीस टक्क्यांहून कमी असेल तर कार्डियाक इंडेक्स २.२ च्या खाली असल्याचा संशय घ्यावा. ही युक्ती १९८९ पासून शिकवली जाते आणि मीही ती शिकवतो. परंतु या काकांच्या बाबतीत फरक ३४ आहे, म्हणजे जवळपास पस्तीस टक्के. युक्तीवर विसंबले असते तर त्यांचा इंडेक्स दोनच्या खाली गेल्याचा पत्ताही लागला नसता.

कॅथ लॅबमध्ये

इकोवरचा आकडा पाठपुराव्यासाठी पुरतो. प्रत्यारोपणाच्या यादीचा किंवा यांत्रिक पंपाचा विचार सुरू झाला की उजव्या बाजूचे कॅथेटरायझेशन करावेच लागते. त्यासाठीचा टोकाला फुगा असलेला कॅथेटर स्वान आणि गांझ यांनी १९७० साली वैद्यकात आणला आणि आजही त्याच नावाने तो मागवला जातो.

दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर छातीच्या चौथ्या बरगड्यांच्या फटीच्या पातळीला, काखेच्या मध्यरेषेवर ठेवून शून्य करावा. टेबल वर-खाली केले की पुन्हा शून्य करावा. हे विसरल्याने आलेले ‘वाढलेले’ वेज प्रेशर (फुग्याने फुप्फुसधमनीची फांदी अडवून मोजलेला दाब) मी इतक्यांदा पाहिले आहे की आता आकडा विचारण्याआधी मी टेबलाची उंची पाहतो. दाब श्वास सोडल्याच्या अखेरीस वाचावेत. प्रवाहासाठी थर्मोडायल्यूशनमध्ये, म्हणजे रक्ताच्या तापमानातील बदलावरून प्रवाह काढण्याच्या पद्धतीत, दहा मिलिलिटर थंड सलाइन झटक्याने सोडून तीन ते पाच वाचने घ्यावीत, त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर विजोड वाचन टाकून पुन्हा करावे. उजव्या अलिंद आणि निलयामधील ट्रायकस्पिड झडप जोरात गळत असेल तर ही पद्धत दगा देते, आणि बळावलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये ती झडप सहसा गळतच असते.

अशा वेळी अ‍ॅडॉल्फ फिक यांचे १८७० मधील तत्त्व मदतीला येते: शरीराने मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन भागिले धमनी आणि फुप्फुसधमनी यांतील रक्ताच्या ऑक्सिजनचा फरक. ऑक्सिजनचा वापर प्रत्यक्ष मोजण्याची सोय सहसा नसते, म्हणून प्रति चौरस मीटर १२५ मिलिलिटर गृहीत धरतात. आपल्या रुग्णाचा गृहीत वापर २११, हिमोग्लोबिन ११, धमनीतील संपृक्तता ९७ टक्के आणि फुप्फुसधमनीतील ५२ टक्के. भाजकात ११ × १३.६ (हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरते त्याचा ठरलेला गुणक) × ०.४५, म्हणजे ६७.३; उत्तर ३.१४ लिटर. इकोच्या ३.३२ च्या हे इतके जवळ आहे की दोन्हींवर विश्वास ठेवता येतो. गृहीत आकडा हा अंदाजच असतो, त्यामुळे दोन पद्धतींत वीस-पंचवीस टक्क्यांचे अंतर पडले तर सरासरी काढून वेळ मारून नेऊ नये. चूक कोठे आहे ती शोधावी. पुष्कळदा रक्ताचा नमुना नीट घेतलेला नसतो.

कॅथ लॅबमध्ये उजव्या अलिंदाचा दाबही हाती येतो. काही तज्ज्ञ तो सरासरी धमनीदाबातून वजा करून मग गुणाकार करतात, कारण पंप चढवतो तो दोन टोकांतील फरक. आपल्या रुग्णाचा उजवा दाब १५ होता. वजा केल्यावर ०.५५ चे ०.४४ वॉट उरले. मला ही रीत तर्काला धरून वाटते, विशेषतः पोट आणि पाय सुजलेल्या रुग्णांत, परंतु जुने विभाजक आकडे वजाबाकी न करता ठरले आहेत. म्हणून दोन्ही लिहावेत आणि कोणता कोणता ते स्पष्ट करावे. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा अवरोध याच बैठकीत काढावा. तो तीन वुड युनिटच्या (या अवरोधाच्या एककाच्या) वर असेल तर औषध देऊन खाली येतो का हे पाहिल्यावाचून प्रत्यारोपणाची चर्चा पुढे जात नाही.

श्रमाखाली

विश्रांतीत दोन हृदये सारखी दिसली तरी एक जिना चढवतो आणि दुसरे चढवत नाही. हा फरक म्हणजे राखीव शक्ती. ती नेमकी मोजायची तर सायकलवर बसवून, श्वासातील वायू मोजत, कमाल श्रमाच्या क्षणी प्रवाह आणि दाब टिपावा लागतो. ही सोय मोजक्या ठिकाणी आहे. कमाल ऑक्सिजन-वापराची चाचणी त्यामानाने सुलभ आहे: नाडी मंदावणारे बीटा-ब्लॉकर औषध चालू असताना किलोमागे मिनिटाला १२ मिलिलिटर, आणि नसताना १४ मिलिलिटर, याच्या खाली असलेला रुग्ण प्रत्यारोपणाच्या विचारात येतो.

यातले काहीच नसेल तर सहा मिनिटांची चालण्याची चाचणी कोणत्याही रुग्णालयात होते. तीस मीटरची सपाट मार्गिका लागते. आमच्याकडे सोमवारी सकाळी तेवढी जागा स्ट्रेचर आणि नातेवाइकांतून काढणे अशक्य असते, म्हणून ही चाचणी आम्ही दुपारी तीननंतर ठेवतो. तीनशे मीटरही पुरे न होणे हे वाईट लक्षण आहे. चाचणीच्या जोडीला साधा प्रश्न विचारावा, आणि तो स्थानिक हवा. "दम लागतो का?" याला सगळेच "थोडासा" म्हणतात. "ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्ये कितीदा थांबता, आणि गेल्या दिवाळीत कितीदा थांबत होता?" असे विचारले की सोबत आलेली बायको अचूक उत्तर देते.

आकडा वाचताना

सीपीओ हा गुणाकार असल्याने त्याचे दोन्ही घटक कधीही लपवू नयेत. रक्तदाब १५०/१०० आणि प्रवाह ३.३ लिटर असलेल्या माणसाचा सीपीओ ०.८५ येतो आणि तो बरा दिसतो, प्रत्यक्षात त्याच्या आवळलेल्या रक्तवाहिन्यांनी प्रवाह दाबून धरलेला असतो. औषधाने दाब उतरून प्रवाह वाढला की सीपीओ जवळपास तेवढाच राहतो आणि रुग्ण मात्र हलका होतो. तसेच नॉरअ‍ॅड्रिनॅलिनने दाब चढवून सीपीओ ०.६ च्या पलीकडे ढकलला तर ती शक्ती हृदयाची आहे असे समजू नये. मात्रा किती होती ते आकड्याशेजारीच लिहावे.

दुसरे असे की, हे आकडे समूहाचे कल सांगतात. ०.४३ आणि ०.४५ यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. ओपीडीतील रुग्णाच्या बाबतीत मी सीपीओला एका प्रश्नाचे उत्तर मानतो: याला मोठ्या केंद्राकडे आता पाठवू की आणखी एक औषध बदलून पाहू? इंडेक्स कमी, त्यातच वर्षभरात दोनदा भरती, लघवीच्या गोळीची मात्रा चढतीच, वरचा दाब नव्वदीच्या आसपास असल्याने चांगली औषधे सोसत नाहीत, मूत्रपिंडे थकल्याची खूण असलेले क्रिएटिनिन वाढते आहे. यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की पाठवावे. मूत्रपिंडे आणि यकृत बसल्यानंतर पाठवलेल्या रुग्णाला प्रत्यारोपणाचे दार बहुधा बंद झालेले असते. ठाणे आणि नवी मुंबईतील रुग्णांची प्रतीक्षायादी मुंबईच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडून चालते आणि दात्याचे हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत बसवावे लागते, हेही कुटुंबाला वेळेवर सांगावे, कारण घर कोठे आहे आणि रात्री फोन कोण उचलणार, याची व्यवस्था त्यांना करायची असते.

कळव्याचे काका औषधे बदलल्यानंतर तीन महिन्यांनी परत आले. ईएफ तोच, पंचवीस. व्हीटीआय बारावरून चौदावर गेला होता आणि तरुण रेसिडेंटने आनंदाने तो गोल करून ठेवला होता. नाडी ८८ वरून ७४ वर उतरली होती, दाब १०२/६६. गुणाकार केला: ठोक्याला ४४ मिलिलिटर, मिनिटाला ३.२५ लिटर, सरासरी दाब ७८, सीपीओ ०.५६. तीन महिन्यांपूर्वी ०.५५. हृदय आता कमी ठोक्यांत तेवढेच काम करत होते, ही चांगली गोष्ट होती. पण काम तेवढेच होते. दुपारी मार्गिका मोकळी झाल्यावर ते २८५ मीटर चालले, आधीच्या वेळी २७० होते. पुलावर अजूनही दोनदा थांबतात असे काकू म्हणाल्या. "मग पंपिंग वाढलं की नाही?" मुलाने विचारले. मी त्याला दोन्ही तारखांचे आकडे एकाखाली एक लिहून दाखवले, मोठ्या केंद्रासाठी पत्र लिहिले, आणि पत्रावर एलव्हीओटीचा व्यास ठळक अक्षरांत टाकला: २.० सेंटिमीटर, तीनदा मोजलेला.